विकराच्या बाटलीवरील मजकूर : एक परीक्षण

परीक्षण म्हटले की ते पुस्तकाचे असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु विज्ञानाच्या रोजच्या व्यवहारात असाही एक लेखनप्रकार आहे, जो पुस्तकांहून अधिक वेळा वाचला जातो आणि तरीही कधी कोणाच्या परीक्षणाला येत नाही. तो म्हणजे प्रयोगशाळेत येणाऱ्या बाटलीसोबतचे माहितीपत्रक. एक-दोन पानांचा हा मजकूर कोणी लिहिला हे त्यावर छापलेले नसते. संशोधक मात्र त्यावर विसंबून महिनोन्‌महिने काम करतात आणि त्यातील शब्द जसेच्या तसे आपल्या शोधनिबंधात उतरवतात.

या लेखात आम्ही अशा पत्रकांच्या एका वर्गाचे परीक्षण करीत आहोत. हा वर्ग आहे संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या पुनर्संयोजित मानवी विकरांचा. कोणत्याही एका उत्पादकाचे पत्रक आम्ही निवडलेले नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी लिहायचे आहे ते या सबंध लेखनप्रकाराचेच आहेत.

शिक्षकांनी यात लक्ष का घालावे? एक कारण असे की, उन्हाळी प्रकल्पासाठी एखाद्या संशोधनसंस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात अशी बाटली पडते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जैवतंत्रज्ञानाचा पाठ शिकवताना आपण सर्वसाधारणपणे जी गोष्ट सांगतो, ती अशी : मानवी जनुक काढले, प्लाझ्मिडमध्ये जोडले, जीवाणूत घातले, आणि जीवाणू मानवी प्रथिन बनवू लागला. ही गोष्ट खोटी नाही. पण ती जिथे संपते तिथेच खरे प्रश्न सुरू होतात, आणि माहितीपत्रकही नेमके तिथेच मौन पाळते. पाठ्यपुस्तक आणि पत्रक यांचा दोष एकच आहे, असे आमचे मत आहे.

नमुन्यादाखल एक विकर

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक विकर समोर ठेवू. कार्बोनिक अॅनहायड्रेज-२ हे आपल्या तांबड्या रक्तपेशींतील विकर आहे. कार्बन डायऑक्साइड व पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट व हायड्रोजन आयन बनवणे आणि हीच अभिक्रिया उलट दिशेनेही घडवणे, हे त्याचे काम. विकराशिवायही ही अभिक्रिया होते, पण तिला कित्येक सेकंद लागतात. फुप्फुसातील केशवाहिनीतून रक्त तर एका सेकंदाहूनही कमी वेळात पुढे जाते. तेव्हा रक्तात या अभिक्रियेला वेग देणारे काहीतरी असलेच पाहिजे, हा तर्क आधी झाला आणि विकर नंतर सापडले. १९३३ मध्ये केंब्रिज येथे मेल्ड्रम व रफटन यांनी ते रक्तातून वेगळे केले. १९४० मध्ये कीलिन व मान यांनी त्यात जस्त असल्याचे दाखवले. १९७२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील गटाने मानवी विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. त्या काळी मानवी विकर मिळवायचे तर मानवी रक्तच वापरावे लागे.

या विकराच्या साखळीत सुमारे २६० अमिनो आम्ले असतात व त्याचा रेणूभार सुमारे २९,००० असतो. जस्ताचा अणू तीन हिस्टिडिनांनी धरून ठेवलेला असतो. त्यांचे क्रमांक ९४, ९६ व ११९. जस्त काढून घेतले तर विकराचे काम थांबते. एक रेणू अनुकूल परिस्थितीत सेकंदाला सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइड रेणू हाताळतो.

आज हे विकर ई. कोलाय जीवाणूत तयार करून मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने विकले जाते. समजा, बाटलीत दहा मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना ते दिसणारही नाही. पण विद्यार्थ्यांना गणित करू द्यावे. दहा मायक्रोग्रॅम भागिले २९,००० म्हणजे सुमारे ०.३४ नॅनोमोल. त्याला सेकंदाला दहा लाखांनी गुणले तर ०.३४ मिलिमोल, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. स्वतःच्या वजनाच्या दीड हजार पट माल दर सेकंदाला हलवण्याची ही क्षमता आहे. ती बाटलीत खरोखर उतरली आहे का, हे कळण्यासाठी आपल्याजवळ साधन एकच असते, ते म्हणजे माहितीपत्रक.

'मानवी' या शब्दाची व्याप्ती

पत्रकाच्या मथळ्यातील पहिला महत्त्वाचा शब्द 'मानवी'. या शब्दाचा अर्थ इतकाच की, अमिनो आम्लांचा क्रम मानवी जनुकात लिहिलेल्या क्रमाप्रमाणे आहे. बाटलीतील एकही अणू माणसाच्या शरीरातून आलेला नसतो. पुष्कळदा जनुकही माणसाकडून घेतलेले नसते. ते रासायनिक पद्धतीने जोडून, जीवाणूला सोयीच्या पडतील अशा संकेतत्रयी निवडून बनवलेले असते. यात नवे काही नाही. १९७८ मध्ये जीवाणूत मानवी इन्सुलिन बनवले गेले, तेव्हाही त्याच्या दोन साखळ्यांची जनुके प्रयोगशाळेतच जोडून तयार केलेली होती. 'मानवी जनुक कापून काढले' हे आपल्या फळ्यावरील चित्र त्या पहिल्या उदाहरणालाही लागू पडत नाही.

क्रम सारखा म्हणजे प्रथिन सारखे, असे मात्र म्हणता येत नाही. रक्तपेशीतील कार्बोनिक अॅनहायड्रेज-२ च्या पहिल्या अमिनो आम्लावर अॅसेटिल गट बसवलेला असतो. ई. कोलायमध्ये बनलेल्या विकरावर तो सहसा नसतो. या विकराच्या बाबतीत हा फरक किरकोळ ठरतो आणि जीवाणूतले विकर उत्तम काम करते. त्यावर शर्करासाखळ्या नसतात, ते पेशीच्या द्रवात राहणारे आहे, आणि म्हणून जीवाणूच्या घरातही ते सुखाने घडते.

आता दुसरे मानवी विकर पाहू. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे पेशीतील लायसोसोममध्ये काम करते. ते कमी पडले तर गॉशे हा आनुवंशिक आजार होतो. या विकराला शर्करासाखळ्या लागतात. ई. कोलाय त्या जोडत नाही आणि त्यांच्याविना सक्रिय विकर मिळत नाही. म्हणून औषधासाठी ते प्रथम प्रसूतीनंतरच्या वारेतून काढले जाई. त्या औषधाला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. १९९४ मध्ये चिनी हॅमस्टरच्या पेशींत बनवलेले रूप आले. त्यात ४९५ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आहे आणि त्याच्या शर्करासाखळ्या मुद्दाम छाटून टोकाला मॅनोज उघडे केलेले असते, कारण ज्या भक्षक पेशींत ते पोचायला हवे त्या पेशी मॅनोज ओळखतात. २०१० मध्ये मानवी पेशींत बनवलेले, तर २०१२ मध्ये गाजराच्या पेशींत बनवलेले रूप मान्य झाले. गाजरातील रूपाला दोन्ही टोकांना काही जादा अमिनो आम्लेही आहेत. ही सगळी रूपे एकाच मानवी विकराची, पण ती एकमेकांची हुबेहूब नक्कल नव्हेत.

औषधाच्या बाबतीत हे फरक तपासून नोंदवावेच लागतात. तसा कायदाच आहे. संशोधनाच्या बाटलीवर मात्र 'केवळ संशोधनासाठी' असे छापले की बरीचशी जबाबदारी वाचकावर येते. ही ओळ सुरक्षिततेची सूचना म्हणून योग्यच आहे, कारण असे द्रव्य माणसाला देणे धोक्याचे आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. संशोधनासाठी म्हणजे कमी माहिती पुरे, असा अर्थ या ओळीतून हळूहळू रूढ झाला आहे. खरे तर संशोधनालाच अधिक माहिती लागते.

शुद्धता कशाची?

पत्रकावर बहुधा 'शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक' असे लिहिलेले असते आणि पुढे पद्धतीचे नाव असते : एसडीएस जेल विद्युतसंचारण. या पद्धतीत प्रथिनाला डिटर्जंटमध्ये उकळून त्याची घडी मोडतात, आणि मग सरळ झालेल्या साखळ्या आकारमानानुसार वेगळ्या करतात. जेलवर एकच ठळक पट्टा दिसला की प्रथिन शुद्ध.

ही कसोटी चांगली आहे, पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे पाहायला हवे. ती सांगते की बाटलीतील बहुतेक साखळ्या एकाच आकारमानाच्या आहेत. त्या साखळ्यांची घडी नीट पडली होती का, हे ती सांगू शकत नाही, कारण तपासण्यापूर्वी आपणच घडी मोडली आहे. निम्म्या रेणूंत जस्त नसेल, तर ते निम्मे रेणू निकामी असतील. पण जेलवर पट्टा एकच आणि तितकाच ठळक दिसेल. ही भीती काल्पनिक नाही. जीवाणूकडून एखादे प्रथिन भरमसाट प्रमाणात बनवून घेताना माध्यमातील जस्त कमी पडू नये म्हणून ते वरून घालण्याची पद्धत आहे. तेव्हा जस्ताच्या विकराच्या पत्रकात जस्ताचे प्रमाण दिलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. ते क्वचितच दिलेले असते.

आणखी एक गंमत आहे. अतिशय थोडे प्रथिन काचेला चिकटून वाया जाऊ नये म्हणून काही उत्पादनांत गाईच्या रक्तातील सीरम अल्ब्युमिन मिसळतात, आणि तेही मुख्य प्रथिनाच्या कित्येक पट. शुद्धतेचा आकडा अर्थातच मिसळण्यापूर्वीचा असतो. म्हणजे ९५ टक्के शुद्ध मानवी प्रथिनाची बाटली वजनाने पाहता मुख्यतः गाईच्या प्रथिनाची असू शकते. पत्रकात हे लिहिलेले असते, नाही असे नाही. पण मथळ्यात नाही, तर साठवणुकीच्या सूचनांच्या शेजारी.

युनिट : एकक की आभास?

विकर वजनावर जोखत नाहीत, कामावर जोखतात. १९६४ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारे विकर म्हणजे एक युनिट. १९९९ मध्ये एसआय पद्धतीत कॅटल हे एकक स्वीकारले गेले, ते सेकंदाला एक मोल या हिशेबाचे. पण या व्याख्येत एक पोकळी आहे. कोणत्या पदार्थाचे रूपांतर, किती तपमानाला, कोणत्या पीएचला, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. ते न सांगता दिलेला युनिटचा आकडा म्हणजे गावाचे नाव न सांगता दिलेला घर क्रमांक.

कार्बोनिक अॅनहायड्रेजच्या बाबतीत तर दोन स्वतंत्र परंपरा आहेत. विल्बर व अँडरसन यांच्या १९४८ च्या पद्धतीत बर्फाइतक्या थंड मिश्रणात कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी घालतात आणि पीएच ८.३ वरून ६.३ ला यायला किती सेकंद लागतात ते मोजतात. विकराशिवाय लागलेल्या वेळातून विकरासह लागलेला वेळ वजा करायचा व उरलेल्या आकड्याला विकरासह लागलेल्या वेळाने भागायचे. समजा, विकराशिवाय ८० सेकंद लागले व विकरासह २०, तर ८० वजा २० भागिले २० म्हणजे तीन युनिटे. हे नुसते गुणोत्तर आहे. त्यात मायक्रोमोल कोठेच नाहीत, म्हणून त्याचे आंतरराष्ट्रीय युनिटात थेट रूपांतर करता येत नाही.

दुसरी पद्धत आज पत्रकांत अधिक दिसते. पॅरा-नायट्रोफिनाइल अॅसेटेट नावाच्या एस्टरचे हे विकर विघटन करते आणि पिवळा रंग उमटतो. रंग मोजणे सोपे, म्हणून ही पद्धत सोयीची. पण हे विकराचे शरीरातील काम नव्हे. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हे काम ते अत्यंत मंद गतीने करते. शिवाय हा एस्टर पाण्यात आपोआपही थोडा विघटित होतो, आणि सीरम अल्ब्युमिनदेखील त्याच्याशी थोडीफार अभिक्रिया करते, जे कदाचित बाटलीत आधीच मिसळलेले आहे! मारुतीच्या मूर्तीला शेंदूर किती लागला यावरून मारुतीची ताकद मोजावी, तसा हा प्रकार होऊ शकतो. मापन सोपे आहे म्हणून ते योग्य ठरत नाही, हा धडा आम्हांला येथे महत्त्वाचा वाटतो. परीक्षेच्या गुणांविषयी शिक्षकांना तो वेगळा सांगायला नको.

जे लिहिलेले नसते

शुद्धीकरण सोपे व्हावे म्हणून साखळीच्या एका टोकाला सहा हिस्टिडिने जोडतात. निकेल असलेल्या स्तंभात ती अडकतात आणि बाकीची प्रथिने वाहून जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही युक्ती आता सर्वत्र वापरली जाते आणि बहुधा निरुपद्रवी असते. परंतु आपले विकर जस्त धरते तेही हिस्टिडिनांनीच. धातूंशी मैत्री करणारे शेपूट ज्या विकराला आहे त्यातील धातूचा अभ्यास करताना शेपूट आहे की नाही, कोणत्या टोकाला आहे, ते कापून टाकता येते का, हे ठाऊक असलेच पाहिजे. आम्ही एका पुरवठादाराकडे संपूर्ण क्रम मागितला असता ते व्यावसायिक गुपित असल्याचे उत्तर आले. प्रयोगाचा मुख्य घटक कोणता, हेच गुपित असेल तर त्या प्रयोगाची पुनरावृत्ती दुसऱ्याने कशी करावी?

जीवाणूच्या भित्तिकेतील अंतर्विष हा याहून गंभीर विषय आहे. ते प्रथिन नाही, त्यामुळे प्रथिनासाठी रंगवलेल्या जेलवर एरवी दिसत नाही. अगदी अल्प प्रमाणातही ते प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवते. एचएसपी-७० या मानवी प्रथिनाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. हे प्रथिन भक्षक पेशींना संदेश देऊन दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवायला लावते, असे निष्कर्ष काही वर्षे प्रसिद्ध होत होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, तपासलेल्या पुनर्संयोजित एचएसपी-७० मध्ये हा परिणाम घडवत होते ते त्यात राहून गेलेले अंतर्विष. बाटलीत मानवी प्रथिन होतेच. बोलत मात्र दुसरेच कोणी होते. त्यानंतर पेशींवरील प्रयोगांसाठीच्या अनेक पत्रकांत अंतर्विषाची मर्यादा छापली जाऊ लागली. विकरांच्या पत्रकांत ती असेलच अशी खात्री देता येत नाही.

जमेची बाजू

एवढे दोष सांगितल्यावर जमेची बाजूही सांगितली पाहिजे. पुनर्संयोजित विकरामुळे मानवी रक्तावरचे व वारेवरचे अवलंबित्व संपले. त्यातून येऊ शकणाऱ्या विषाणूंचा धोका घटला. हवे ते एक अमिनो आम्ल बदलून परिणाम पाहणे शक्य झाले. जस्त धरणाऱ्या तीन हिस्टिडिनांपैकी एक बदलले तर काय होते, हा प्रश्न रक्तातून काढलेल्या विकराला विचारताच येत नव्हता.

सर्वांत मोठा लाभ असा की, अशा प्रथिनाची ओळख अक्षरांत लिहिता येते. क्रम ठाऊक असेल तर जगात कोणीही तेच प्रथिन पुन्हा बनवू शकतो. २०१५ मध्ये ब्रॅडबरी व प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक सहकाऱ्यांसह 'नेचर' मध्ये अशी मागणी केली की, संशोधनातील प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या क्रमावरूनच दिली जावी. ती मागणी प्रतिपिंडांपुरती होती, पण तिचा न्याय विकरांनाही लागू पडतो. विकरांविषयीची मापने प्रसिद्ध करताना कोणती माहिती दिलीच पाहिजे, याची 'स्ट्रेंडा' नावाची मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत. २००४ पासून अॅडजीन ही ना-नफा संस्था संशोधकांची प्लाझ्मिडे इतरांना पुरवते, आणि त्यांचे क्रम खुले असतात. ज्याला जीवाणू वाढवता येतात त्याला पुष्कळशी विकरे स्वतःच बनवता येतील. मग पत्रकही त्यालाच लिहावे लागेल, आणि ते लिहिणे किती अवघड आहे हेही कळेल.

म्हणूनच आमची तक्रार तंत्राविषयी नाही, वर्णनाविषयी आहे. जे तंत्र प्रथिनाची ओळख अक्षरशः लिहून देऊ शकते, त्याच तंत्राची पत्रके ओळख अर्धवट ठेवतात, हे खटकते. चांगल्या पत्रकात पाच गोष्टी असाव्यात : शेपटासह पूर्ण क्रम, ज्या पेशीत बनवले तिचे नाव, धातू किंवा शर्करासाखळ्यांसारख्या आवश्यक घटकांचे मोजमाप, अटींसह युनिटची व्याख्या, आणि बाटलीत घातलेल्या व राहून गेलेल्या इतर द्रव्यांची नोंद. यांपैकी काहीही उत्पादकाला अशक्य नाही.

वर्गात काय करावे?

ही बाटली शाळेत आणण्याची गरज नाही. मानवी विकर प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडात आहे. लाळेतील अमायलेज, पिठाचे पातळ द्रावण व आयोडीन हा प्रयोग आपण करतोच. त्याला थोडे वेगळे वळण द्यावे. प्रत्येकाने फक्त स्वतःचीच लाळ हाताळावी, ती सारख्या प्रमाणात पातळ करावी, आणि आयोडीनचा निळा रंग येणे थांबायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. मग प्रत्येक गटाने स्वतःचे 'युनिट' ठरवावे आणि लाळेचे एक छोटे माहितीपत्रक लिहावे.

ही पत्रके गटागटांत बदलावी व दुसऱ्या गटाने केवळ पत्रक वाचून तोच प्रयोग करावा. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत हे शोधताना एक गट म्हणेल, पाणी कोमट होते ते लिहिले नव्हते. दुसरा म्हणेल, पिठाचे प्रमाण दिले नव्हते. तिसऱ्याला रंग 'थांबला' म्हणजे नेमका कधी, हाच प्रश्न पडेल. या वादात जो तास जाईल तो वाया गेला असे शिक्षकांनी समजू नये. विकर, पीएच व तपमान यांचा पाठ त्यात आपोआप होतो. शिवाय विज्ञानात शब्द किती जपून वापरावे लागतात, हेही विद्यार्थ्यांना स्वतःच्याच लेखनावरून समजते. पुढे त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती खरी बाटली येईल, तेव्हा तो झाकण उघडण्यापूर्वी पत्रक वाचील, आणि त्यात काय लिहिलेले नाही तेही वाचील.